महाराष्ट्रासाठी किती?

जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, महाराष्ट्राने रणजी सामन्यात बडोद्याला ४३९ धावांनी धूळ चारली. त्या सामन्यात अंकित बावणे नव्हता. आधीच्या सामन्यात बाद दिल्यावर पंचांच्या निर्णयावर नाराजी दाखवली म्हणून त्याच्यावर एका सामन्याची बंदी होती. नाशिककरांची मोठी संधी हुकली. आज महाराष्ट्राकडून खेळणाऱ्यांत संघाच्या सार्वकालिक धावांच्या यादीत सगळ्यांत वर पोचलेला फलंदाज हाच, आणि त्याला घरच्या मैदानावर पाहण्याचे योग मोजकेच येतात.

संघाची सार्वकालिक यादी मोठी कडक असते. एकाच संघासाठी काढलेल्या धावा तेवढ्या त्यात धरतात. रणजीच्या एलिट गटात साखळीत सात सामने मिळतात. एखादा डाव पावसात जातो, एखाद्या सामन्यात फलंदाजी एकदाच येते. हंगामात पाचशे धावा झाल्या तरी गडी खूश असतो. या हिशेबाने सात हजारांचा टप्पा गाठायला चौदा हंगाम लागतात. बावणे २००७-०८ च्या मोसमात पंधरा वर्षांच्या आसपासचा असताना संघात आला आणि तो टप्पा ओलांडूनही खेळत राहिला. मला या आकड्यातली चिकाटी कोणत्याही षटकारापेक्षा मोठी वाटते.

जुन्या काळातल्या थोरांना ही यादी चढणे का जमले नाही, हे पाहण्यासारखे आहे. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर होता. सुट्टीत काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला आणि निंबाळकर तिथेच थांबले. एका डावातला रणजीचा तो उच्चांक आजही त्यांच्याच नावावर आहे. पण पुढे ते होळकर, रेल्वे अशा संघांकडून खेळले, त्यामुळे त्यांच्या धावा अनेक ठिकाणी वाटल्या गेल्या. विजय हजारेंचेही तसेच झाले. १९३९-४० मध्ये त्यांनी बडोद्याविरुद्ध महाराष्ट्रासाठी नाबाद ३१६ ठोकल्या. मग बडोद्याच्या महाराजांनी त्यांना नोकरी दिली आणि त्यांच्या धावांचा डोंगर बडोद्याच्या खात्यात उभा राहिला. त्या काळी क्रिकेटपटूचे घर नोकरीवर चालत असे. जिथे भाकरी तिथे बॅट, याबद्दल त्यांना कोण बोल लावील?

जे महाराष्ट्राकडेच थांबले त्यांत सुरेंद्र भावेंचे नाव मी आधी घेईन. प्रथम श्रेणीत ५८ ची सरासरी, २८ शतके, आठ हजारांना जेमतेम कमी धावा, आणि तरी कसोटीची टोपी एकदाही नाही. हृषिकेश कानिटकर कसोटी खेळला, प्रथम श्रेणीत दहा हजारांपुढे गेला, पण उत्तरार्धात मध्य प्रदेश आणि राजस्थानकडे गेला. राजस्थानला त्याने कर्णधार म्हणून रणजी करंडक जिंकून दिला. तिथल्या धावा महाराष्ट्राच्या यादीत येत नाहीत. केदार जाधवने २०१३-१४ मध्ये एकाच हंगामात १२२३ धावा आणि सहा शतके करून संघाला अंतिम फेरीत नेले. तिथे कर्नाटक भारी पडला. महाराष्ट्राची दोन्ही विजेतेपदे अजून प्रा. दि. ब. देवधरांच्या काळातलीच, १९३९-४० आणि १९४०-४१ ची.

आता पुन्हा बावणेकडे. ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे नाबाद ३५१ आणि बावणे नाबाद २५८. तिसऱ्या विकेटसाठी अभेद्य ५९४. संगकारा आणि जयवर्धने यांची ६२४ ची जागतिक विक्रमी भागीदारी फक्त तीस धावा पुढे होती, तेवढ्यात डाव घोषित झाला. त्याच सामन्यात दिल्लीकडून ऋषभ पंतने ३०८ धावा केल्या. ५९४ चा रणजीतला विक्रम २०२४ मध्ये गोव्याच्या स्नेहल कौठणकर आणि कश्यप बखले यांनी ६०६ करून मोडला. मोडणारेही आपल्या शेजारचेच.

बाहेरून येणाऱ्याला संघाच्या यादीची ही शिडी तळापासून चढावी लागते. पृथ्वी शॉच्या नावावर मुंबईसाठी ३७९ आहेत, रणजीत निंबाळकरांच्या खालोखाल. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो रणजीत महाराष्ट्राकडून पहिल्यांदा फलंदाजीला उतरला, समोर केरळ, आणि खाते न उघडताच परतला. पुढच्याच सामन्यात चंडीगडविरुद्ध त्याने २२२ धावा केल्या. असे त्याचे महाराष्ट्राचे पान सुरू झाले.

सध्याची खरी शर्यत एकाच ड्रेसिंग रूममध्ये आहे. एकदिवसीय सामन्यांच्या विजय हजारे करंडकात सर्वाधिक शतकांचा मान बावणेकडे होता, पंधरा शतकांचा. जानेवारी २०२६ मध्ये ऋतुराज गायकवाडने गोव्याविरुद्ध नाबाद १३४ करून त्याला गाठले. याच स्पर्धेत त्याने २०२२ मध्ये एका षटकात सात षटकार मारले होते. ते सगळ्यांना ठाऊक आहे. पंधराव्या शतकाची चर्चा मात्र त्या मानाने फारच थोडी झाली.

गोलंदाजांची यादी तर कोणी उघडतच नाही. समद फल्लाहने डावखुऱ्या मध्यमगतीने, पाटा खेळपट्ट्यांवर, प्रथम श्रेणीत अडीचशेहून जास्त बळी घेतले. आपल्या नाशिकचा सत्यजित बच्छाव डावखुऱ्या फिरकीने विकेटमागून विकेट जोडतो आहे. नाशिकचाच रामकृष्ण घोष आयपीएलच्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जकडे गेला तेव्हा शहरभर बातमी झाली. बच्छावने कोणाला मागे टाकले, याची बातमी कधी होणार?

गोल्फ क्लबच्या पॅव्हेलियनवर एक फलक हवा. धावा, बळी, सामने अशा तीन रांगा, फक्त महाराष्ट्रासाठीच्या. पुढचा रणजी सामना नाशिकला आला की प्रत्येक दिवसाअखेर आकडे बदलावेत, आणि एखाद्याने जुन्या नावाला ओलांडले की ध्वनिक्षेपकावरून दोन्ही नावे जाहीर करावीत, चढणाऱ्याचे आणि मागे पडलेल्याचेही.