बिऱ्हाड कोठे मांडावे?

शाळा-महाविद्यालयांचे निकाल लागले की आमच्या कोल्हारातून दरवर्षी काही बिऱ्हाडे पुण्याकडे हलतात. कोणाची बदली झालेली असते, कोणाला कारखान्यात जागा मिळालेली असते, तर कोणी केवळ मुलांच्या शिक्षणासाठी गावातली बसलेली घडी मोडतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या आळीतील एक कारकून असाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले. पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि वृद्ध आई असे त्यांचे कुटुंब. “सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकविता. पुण्यात कोणत्या भागात जागा घ्यावी, तेवढे सांगा,” ते म्हणाले. प्रश्न साधा वाटला. परंतु विचार करू लागलो तसतसा तो एका कुटुंबापुरता उरला नाही.

सामान्यतः हा निर्णय आपण घेतच नाही. तो रस्ता आणि नातेवाईक घेतात. ज्या रस्त्याने एस. टी. शहरात शिरते, त्याच रस्त्याच्या कडेने गावची माणसे वस्ती करतात. नगरकडून जाणाऱ्यास प्रथम वाघोली, खराडी, चंदननगर लागते. म्हणून मेहुणा तेथे, आणि मेहुणा तेथे म्हणून आपणही तेथे. यात केवळ आळस आहे असे नव्हे. कोकणातून मुंबईच्या गिरणीत गेलेला कामगार लालबाग-परळच्या चाळीत गाववाल्यांच्या खोलीतच पथारी टाकीत असे. नोकरीची बातमी, अडीनडीला उसने पैसे, आजारपणात सोबत हे सारे त्याला तेथेच मिळे. ओळख हे गरिबाचे भांडवल होय, आणि ते तुच्छ लेखण्याचे कारण नाही.

तथापि केवळ ओळख आणि भाड्याचा आकडा यांवर निर्णय सोडणे महागात पडते. जर्मन अर्थशास्त्रज्ञ फॉन थ्यूनेन याने १८२६ साली दाखवून दिले की बाजारपेठेपासून जमीन जसजशी दूर, तसतसा तिचा खंड कमी होतो. कारण वाचलेला खंड वाहतुकीत खर्ची पडतो. हाच नियम बिऱ्हाडालाही लागू आहे. उदाहरणादाखल धरू की लांबच्या जागेचे भाडे ९,००० रुपये आणि कामाच्या ठिकाणाजवळील जागेचे १३,००० रुपये आहे. लांबच्या जागेहून जाण्यायेण्यास रोज तीन तास लागतात, जवळच्या जागेहून एक तास. महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले तर ५० तासांचा फरक पडतो. प्रवासखर्चात १,५०० रुपये वाचत असतील, तर जवळच्या जागेचा खरा जादा बोजा २,५०० रुपयांचाच राहतो. म्हणजे तासाला ५० रुपये. बापाने मुलाजवळ बसून गणित सोडविण्याच्या एका तासाची किंमत ५० रुपयांहून कमी आहे काय, हे ज्याने त्याने ठरवावे. उत्तर प्रत्येकाचे सारखे येणार नाही. पण हिशेब मांडल्याखेरीज ते येऊच नये.

हिशेबात न येणाऱ्या गोष्टीही पाहिल्या पाहिजेत. पहिली गोष्ट पाणी. वाघोलीसह २३ गावे जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. परंतु गाव हद्दीत येणे आणि नळाला पाणी येणे या दोन भिन्न घटना आहेत. टँकरचा खर्च कोणाच्या माथी, हे आधीच विचारावे. पुराविषयी तर प्रवरेकाठच्या माणसाला शिकवावयास नको. शहरात मात्र रंग दिलेल्या भिंतीमागे ओढा दिसत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, ही आठवण पुण्यात अजून आहे. तरीही सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने आणि जुलै २०२४ मध्ये मुठेच्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरे बुडविलीच. म्हणून जागा पाहावयाची ती पावसाळ्यात, आणि माहिती विचारावयाची ती दलालाला नव्हे, कोपऱ्यावरील किराणा दुकानदाराला.

दुसरी गोष्ट शाळा. शिक्षणहक्काच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलास १ किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीच्या मुलास ३ किलोमीटरच्या आत शाळा असावयास हवी. ती आहे काय, हे स्वतः चालत जाऊन पाहावे. तिसरी गोष्ट करारनामा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तो लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक केले असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. तोंडी शब्दावर बिऱ्हाड थाटू नये.

आणि चौथी गोष्ट, जी बहुधा कोणी विचारीत नाही: दिवसभर त्या घरात राहणार कोण? कर्ता पुरुष रात्री झोपण्यापुरता येतो. जागेचा खरा उपभोग किंवा खरी शिक्षा त्याच्या पत्नीला आणि आईला. भगवतीच्या देवळात रोज चार माणसे भेटणाऱ्या म्हातारीला पाचव्या मजल्यावर कोंडून तिची सोय केली असे म्हणता येत नाही. जागा ठरविण्यापूर्वी या दोघींना ती दाखविली पाहिजे.

हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले. त्यांनी ते मनावर घेतले, हिशेब मांडला, आणि नोकरीजवळ एक चांगली जागाही शोधली. भाडे पटले, अनामत ठरली. मग आडनाव विचारण्यात आले, त्यापाठोपाठ जात विचारण्यात आली, आणि दोन दिवसांनी “जागा दिली गेली” असा निरोप आला. जागा पुढे महिनाभर रिकामीच होती. माझा सगळा हिशेब निवड करण्याच्या स्वातंत्र्यावर उभा होता, आणि तेच त्यांना नव्हते.

ही कथा नवी नाही. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे अध्ययन करून आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून काढलेले दिवसही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपविले, आणि त्यांना मुंबईस परतावे लागले. शतक उलटून गेले; आता काठ्या दिसत नाहीत, निरोप तेवढे येतात.

कोणी म्हणेल, आपापल्या माणसांत राहण्यात गैर काय? १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे स्थापन झालेली सारस्वत सोसायटी ही देशातील आरंभीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी एक. ती ज्ञातीचीच होती. संस्थेने आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवावे, हे २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका पारशी संस्थेच्या प्रकरणात ग्राह्य धरले. परंतु कायद्यात बसते ते सर्व सहकारात बसतेच असे नाही. प्रवरेच्या खोऱ्यातील आम्हा लोकांना सहकार पुस्तकातून शिकावा लागला नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेला कारखाना आमच्या शेजारी लोणीला आहे. खुले सभासदत्व हे सहकाराचे मूलतत्त्व होय. सोसायटीच्या दारावर ‘सहकारी’ अशी पाटी लावावयाची आणि आत आडनावे चाळावयाची, हा त्या शब्दाचा अपमान आहे.

यात मुलांचेही नुकसान आहे. अमेरिकेत १९९४ पासून पाच शहरांत काही गरीब कुटुंबांना, सोडत काढून, कमी दारिद्र्याच्या वस्तीत जाण्यास साहाय्य देण्यात आले. पुढे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की तेराव्या वर्षाच्या आत स्थलांतर झालेल्या मुलांची तरुणपणीची मिळकत सुमारे ३१ टक्क्यांनी वाढली. मोठ्या वयात गेलेल्यांना तो लाभ झाला नाही. शेजार हा मुलाच्या शिक्षणाचाच भाग आहे, आणि त्याची वेळ टळली की ती परत येत नाही. ज्या पित्यास आपण दार बंद करतो, त्याच्या लेकराच्या भवितव्यातून आपण काही काढून घेत असतो.

ते कुटुंब अखेर मेहुण्याच्या शेजारीच राहावयास गेले. रोजचे तीन तास रस्त्यात जातात. त्यांनी चुकीची निवड केली असे मी म्हणणार नाही. उलट, हा लेख वाचणारे अनेक शिक्षक व कारकून आज शहरातील सोसायट्यांच्या समित्यांवर बसतात. येत्या जूनमध्ये कोणी नवखा गृहस्थ जागा विचारीत येईल, तेव्हा त्याला भाडे, पाणी आणि करारनामा यांविषयी अवश्य सांगावे. त्याच्या जातीची चौकशी मात्र करू नये. बिऱ्हाड कोठे मांडावे, या प्रश्नाचे अर्धे उत्तर बिऱ्हाडकरूपाशी असते. उरलेले अर्धे आपल्यापाशी आहे.