गाभण जनावराचा प्रवास

माढा तालुक्यातील कुर्डुवाडी रेल्वे जंक्शन म्हणून प्रसिद्ध असली, तरी या परिसरातील जनावरे बाजाराला जातात ती टेम्पो-पिकअपमधून. आणि सांगोल्यासारख्या मोठ्या बाजारात गाय वा पंढरपुरी म्हैस विण्याच्या बेतात असेल, तर तिला भावही चांगला येतो. म्हणजेच ज्या दिवसांत जनावराची किंमत वाढते, नेमके तेच दिवस त्याच्या प्रवासासाठी सर्वांत जोखमीचे असतात.

वाहतुकीचा ताण म्हणजे नुसता थकवा नव्हे. फळीवरून चढताना शेणमुताने पाय घसरतो, जड पोट लोखंडी कडेवर आपटते, घामाच्या ग्रंथी कमी असलेली काळी म्हैस उन्हात धापा टाकू लागते. अशा वेळी मेंदूच्या इशाऱ्यावरून मूत्रपिंडांलगतच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून संदेश नेणारे द्रव्य, अधिक प्रमाणात सोडतात. गर्भाला पोसणारी वार त्यातील काही भाग निष्प्रभ करते, परंतु उरलेला भाग गर्भापर्यंत पोहोचतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ब्राह्मन या भारतीय वंशापासून घडलेल्या जातीच्या गाभण गाईंना गाभणकाळाच्या 60व्या ते 140व्या दिवसांदरम्यान पाच वेळा, दर वेळी दोन तास वाहनातून फिरवले असता, त्यांची वासरे इतर वासरांपेक्षा अधिक बुजरी निघाली आणि त्यांच्या रक्तात कॉर्टिसोलही अधिक आढळले.

शेळीची स्थिती आणखी नाजूक असते, कारण गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन तिला अखेरपर्यंत अंडाशयावरील पीतपिंडातूनच मिळते आणि तो पिंड विरघळला की ती गाभडते. उस्मानाबादी शेळीच्या पोटात बहुधा जुळी करडे असतात. शेवटच्या दिवसांत तिला उपास घडला, तर अंगची चरबी जळून रक्तात कीटोन द्रव्ये साचतात, ती चारा सोडते आणि बसून राहते.

प्रवासात विण्याची शक्यता असलेले किंवा विऊन 72 तास न झालेले जनावर वाहनातून नेण्यास 2001 मध्ये सुधारलेल्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे, तसेच गाभण जनावर इतरांत मिसळू नये असेही त्यांत सांगितले आहे. म्हशीचा गाभणकाळ सुमारे 310 दिवसांचा, गाईचा 280 आणि शेळीचा 150 दिवसांचा असतो. म्हणून भरवल्याची तारीख लिहून ठेवावी, गाय-म्हैस शेवटचा महिनाभर आणि शेळी शेवटचे दोन आठवडे हलवू नये, आणि आधीच्या काळात नेणे भागच पडले तर वाहनात पाचटाचा जाड थर अंथरून, चारापाणी देऊन, भल्या पहाटे निघावे. व्यवहार महिनाभर पुढे ढकलता येतो. गाभडलेले वासरू मात्र परत येत नाही.