साडेसहा नॉटची मर्यादा

जुनी शिडाची होडी विकायला निघाली की जाहिरातीत सगळ्यात वर तिची एकूण लांबी असते. जाणकार आधी विचारतो ती पाण्याच्या रेषेवरची लांबी. इंग्लंडमधली १९७१ च्या सुमाराची 'काँटेसा ३२' घ्या: एकूण ३२ फूट, पाण्यावर फक्त २४. होडी पुढे जाताना स्वतःच लाट उठवते. वेग वाढेल तशी ती लाट लांबते, आणि होडीच्या पाण्यावरच्या लांबीएवढी झाली की होडी दोन शिखरांमधल्या खळग्यात अडकते. ही मर्यादा २४ च्या वर्गमुळाच्या १.३४ पट, म्हणजे सुमारे साडेसहा नॉट. ताशी १२ किलोमीटर. सायकलवाला सहज पुढे जाईल!

मग ही होडी घ्यायची कशाला? तिचं जवळजवळ निम्मं वजन तळाच्या कण्यात आहे, त्यामुळे ती कलंडली तरी सावरते. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत वादळाने १५ खलाशांचा बळी घेतला. सर्वांत लहान होड्यांच्या गटात शर्यत पुरी करणारी एकमेव होडी काँटेसा ३२ च होती.

सौदा करताना शिडं मात्र उभारून पाहावीत. ताणून सैल पडलेलं कापड होडीला वाऱ्याच्या दिशेकडे चढू देत नाही, आणि नवी शिडं स्वस्त नसतात.