दारातल्या कुंडीत सब्जा आणि झेंडू

वर्तकनगरातल्या म्हाडाच्या इमारतींत अंगण कुठून येणार? दाराबाहेरची दोन हात जागा, नाहीतर गॅलरी. तरी पाऊस सरला की आम्ही एक बारा इंची कुंडी भरतोच: मधे झेंडू, बाजूने सब्जा, काठावर चिनी गुलाब. तिघांनाही ऊन हवं, पाणी बेताचं, म्हणून जमतं. तेरड्याला सतत ओल लागते. एकदा तोही त्यातच लावला, तर त्याच्या पाण्याने चिनी गुलाब कुजला. त्याला वेगळी कुंडी द्या.

सब्जा तर आपल्या घरातलाच. सूरह रहमानमध्ये सुगंधी वनस्पतीला 'रैहान' म्हटलंय. अरबीत सब्जालाही तेच नाव. कबरीवरही आपण तोच लावतो. फालुद्यासाठी आणलेलं बी चालतं, फक्त भिजवू नका, बुळबुळीत होऊन बोटांनाच चिकटतं. कोरडंच भुरभुरा, वर चिमूटभर माती. तुरे खुडत राहिलं की पानं भरतात. बी हवं असेल तर थोडे राहू द्या.

कुंडीखाली ताटली हवीच. आमचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलं, तेव्हा शेजाऱ्याचा हक्क म्हणजे काय ते तिथल्या खालांनी वर येऊन ऐकवलं. बरोबरच होतं त्यांचं. ताटलीतलं पाणीही आठवड्यातून एकदा तरी ओता, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास होतात.