उत्तरेची सीमा आणि आपले अंबरनाथ

लडाख, सियाचीन ही नावे अंबरनाथ एमआयडीसीत पाळी भरणाऱ्या कामगार बांधवाला दूरची वाटतात. परंतु ती तेवढी दूर नाहीत. याच गावात १९५०च्या दशकात संरक्षण खात्याचे दोन कारखाने उभे राहिले. सीमेवरचा जवान आणि इथला कामगार यांचे नाते तेव्हापासूनचे.

लष्कराशी आपल्या समाजाचे नाते त्याहून जुने. पहिल्या महायुद्धानंतर आपल्यासाठी भरतीची दारे बंद झाली होती. डॉ. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी तिबेटच्या प्रश्नावर सरकारला सावध केले. चीन ल्हासात बसला म्हणजे त्याची सरहद्द आपल्या दाराशी आली, असे त्यांचे म्हणणे होते. आठच वर्षांनी, १९६२ साली, देशाला त्याची प्रचीती आली.

आज धोक्याचे रूप पालटले आहे. सियाचीनवर १९८४ पासून जवान शत्रूइतकाच थंडीशी झुंजतो. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात बंदूक न चालता हातघाईत २० जवान शहीद झाले. आता ड्रोन आणि उपग्रहही पहाऱ्यावर आहेत.

पण जवानाच्या घराच्या सुरक्षिततेचे काय? २०२२च्या अग्निपथ योजनेत नोकरी ४ वर्षांची. कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात, पेन्शन नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून ऑर्डनन्स कारखान्यांच्याही ७ सरकारी कंपन्या झाल्या. पेन्शनीच्या आधारावर ज्या घरांनी मुले शिकवली, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

लडाखच्या लेह भागात बहुसंख्य लोक बौद्ध आहेत. २०१९ साली लडाख केंद्रशासित झाल्यावर तिथल्या जनतेने राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीची मागणी लावून धरली. जमीन आणि रोजगार यांची हमी त्यांना हवी आहे. सीमेवरचा माणूस निर्धास्त नसेल, तर नुसत्या चौक्यांनी सीमा भक्कम होत नाही, असे आम्हांला वाटते.

म्हणून माता-भगिनींना आमची विनंती आहे. मुलगा भरतीसाठी पहाटे धावत असेल तर त्याला जरूर धावू द्या. मात्र त्याची पदवी किंवा आयटीआय अर्धवट राहू देऊ नका. चार वर्षांनी तो परत आला, तर एमआयडीसीच्या फाटकावर कंत्राटी मजूर म्हणून उभा राहू नये. देशाचे रक्षण करणाऱ्याच्या हातात स्वतःच्या रक्षणाचे साधनही असले पाहिजे. बाबासाहेबांनी ते आपल्याला दिले आहे. ते म्हणजे शिक्षण.

जयभीम!