ब्रेक ऑइल गेलं कुठे?

हिंगणघाट सोडून हैदराबादकडे निघालं की ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर वडनेर लागतं. वेगाचा रस्ता आहे. ब्रेकवर भरवसा हवाच, म्हणजे ब्रेक ऑइलवरही.

ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं जळून संपत नाही. ते डबीत आणि बंद नळ्यांत असतं. मग डबीतली पातळी उतरते कशी? बहुतेकदा ब्रेक पॅड झिजल्यामुळे. पॅड पातळ झाला की कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकून राहतो आणि मागची वाढलेली जागा ऑइल भरून काढतं. अशा वेळी नुसतं ऑइल ओतणं म्हणजे इशारा पुसून टाकणं. आधी पॅड तपासावेत.

पातळी झपाट्याने उतरली तर मात्र गळतीच. चाकाची आतली बाजू ओली दिसते, रबरी होज तडकलेला असतो. मास्टर सिलिंडरचं सील गेलं तर ऑइल ब्रेक बूस्टरमध्ये झिरपतं, जमिनीवर थेंबही दिसत नाही. अनेक गाड्यांत क्लचही याच डबीतून ऑइल घेतो, म्हणून गळती तिथेही असू शकते, हे मेकॅनिकही कधीकधी विसरतात.

इंजिन ऑइल चुकूनही भरू नका, सील फुगून निकामी होतात. डबीच्या झाकणावर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइलच वापरा. आणि पेडल खाली बसत असेल, तर गाडी तिथेच थांबवा.