खोक्यावरचा चौकोन: अत्तर, कापूर, पॉवर बँक पार्सल करण्याआधी हे वाचा



कुरिअरच्या काउंटरवर रोज होणारा हा संवाद तुमच्या ओळखीचा असेल.

"भाऊ, आत काय आहे?"
"काही नाही, कपडे आहेत."

आत असतात अत्तराच्या चाळीस बाटल्या. किंवा पॉवर बँक. किंवा टॉयलेट क्लीनर. खरं सांगितलं तर माल घेणार नाहीत, जास्त पैसे लावतील, ही भीती असते. आता अमडापूरसारख्या गावातूनही माल ऑनलाइन विकला जातो. चिखली किंवा खामगावला पार्सल टाकलं की दोन दिवसांत पुणे, हैदराबाद. सोय झाली, पण तुमचं खोकं आता किती हातांतून आणि किती गाड्यांतून जातं याचा हिशोब कोणी करत नाही. तो आज करू.

लेबल नसलं तर काय होतं?

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. आपण कापसाच्या मुलखातली माणसं. सरकीच्या गंजीला ठिणगी लागली की काय होतं, ते आपल्याला समजावून सांगायला नको. धोकादायक माल असलेल्या जहाजानं लाल झेंडा लावायचा असतो. युद्धाचे दिवस होते, तो झेंडा लावलेला नव्हता. दुपारी कापसानं पेट घेतला आणि चारच्या सुमारास मोठे स्फोट झाले. शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात होते. त्यांच्या आठवणीत आजही दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो.

दुसरं उदाहरण ११ मे १९९६ चं, अमेरिकेतलं. व्हॅल्यूजेट कंपनीच्या प्रवासी विमानात पाच खोकी चढवली. कागदावर लिहिलं होतं की डबे रिकामे आहेत. प्रत्यक्षात ते ऑक्सिजन तयार करणारे, भरलेले डबे होते. हवेतच आग लागली आणि विमानातले सगळे ११० जण गेले. कागदावरचा एक चुकीचा शब्द एवढा महाग पडला.

आणि अगदी अलीकडचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आंध्रातल्या कर्नूलजवळ हैदराबादहून बेंगळुरूला निघालेली बस पेटली, सुमारे २० जीव गेले. सुरुवात दुचाकीच्या धडकेनं झाली. पण बसमध्ये दोनशेहून जास्त मोबाईलचं पार्सल होतं आणि त्यांच्या बॅटऱ्यांनी आग भडकवली, असं तपासातल्या तज्ज्ञांनी सांगितल्याच्या बातम्या आल्या. आपण ट्रॅव्हल्सच्या डिकीत पार्सल टाकतो ना, त्याच्या वर माणसं झोपलेली असतात. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

नऊ वर्ग

जगभर धोकादायक मालाचे नऊ वर्ग मानतात. खोक्यावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, म्हणजे पतंगाचा आकार, लावतात. रंग आणि चित्र बघून वाचता न येणाऱ्या हमालालाही धोका कळावा, हा त्यामागचा विचार.

१. स्फोटकं, फटाके: नारिंगी
२. गॅस: पेट घेणारा असेल तर लाल, पेट न घेणारा हिरवा, विषारी पांढरा
३. पेट घेणारे द्रव: लाल, ज्वाळेचं चित्र
४. पेट घेणारे घन पदार्थ: लाल-पांढरे उभे पट्टे (या वर्गात आणखी दोन प्रकार आहेत, त्यांचे रंग वेगळे)
५. आगीला ऑक्सिजन पुरवणारे: पिवळा, गोलावर ज्वाळा
६. विषारी: पांढरा, कवटी
७. किरणोत्सारी
८. कातडी आणि धातू जाळणारे: वरचा भाग पांढरा, खालचा काळा
९. इतर: वरच्या अर्ध्या भागात काळे उभे पट्टे

आता तुमचा माल यात बसवून बघा. अत्तर, नेलपॉलिश, अल्कोहोलवालं सॅनिटायझर: वर्ग ३. कृत्रिम कापूर: वर्ग ४. ब्लीचिंग पावडर: वर्ग ५. ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर: वर्ग ८. पॉवर बँक आणि लिथियम बॅटरी: वर्ग ९. डिओड्रंटचा स्प्रे: वर्ग २. देवघरातला कापूर या यादीत बघून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. पण काडी लावल्याबरोबर पेटतो म्हणूनच तर आपण तो आरतीला वापरतो ना!

बाटलीवरचं लेबल वेगळं, खोक्यावरचं वेगळं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कृषी केंद्रवाल्यांना उदाहरण लगेच कळेल. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असे रंग असतात. ते कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणे विषाची तीव्रता सांगतात: लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. (हिरवा म्हणजे "सुरक्षित" नाही, तेही विषच आहे.) हे लेबल वापरणाऱ्यासाठी आहे. खोक्यावरचं लेबल मात्र माल उचलणाऱ्या, चढवणाऱ्या आणि आग विझवणाऱ्या माणसासाठी आहे. आतल्या बाटलीवर सगळं छापलंय म्हणून खोकं कोरं ठेवलं, तर त्या माणसाला काहीच कळणार नाही.

खोक्यावर नेमकं काय हवं?

१. यूएन नंबर. प्रत्येक धोकादायक मालाला चार आकडी नंबर आहे. अत्तर १२६६, रंग १२६३, स्प्रेचे डबे १९५०, कृत्रिम कापूर २७१७, हायड्रोक्लोरिक ॲसिड १७८९.
२. मालाचं ठरलेलं नाव. तुमच्या ब्रँडचं नाव इथे चालत नाही. 'गुलाब स्पेशल' लिहिलं तर अग्निशमनवाल्याला काय कळणार?
३. वर्गाचा चौकोन. प्रत्येक बाजू किमान १०० मिलिमीटर.
४. पाठवणारा आणि घेणारा. पूर्ण नाव-पत्ता.
५. द्रव असेल तर वर दाखवणारे बाण, समोरासमोरच्या दोन बाजूंवर.

जुनं खोकं वापरत असाल तर त्यावरची जुनी लेबलं काढा किंवा पूर्ण झाका. ॲसिडचं लेबल असलेल्या खोक्यात कुर्ते पाठवणं हीसुद्धा चुकीची माहितीच आहे.

छोट्या उद्योजकांसाठी एक सवलत आहे. छोट्या बाटल्या आणि एकूण खोकं ३० किलोपर्यंत असेल, तर बऱ्याच मालाला 'मर्यादित प्रमाण' म्हणून सोपी खूण चालते: वरचं आणि खालचं टोक काळं असलेला पांढरा चौकोन. पण प्रत्येक मालाची मर्यादा वेगळी असते आणि विमानाचे नियम आणखी कडक असतात. म्हणून आधी वाहतूकदाराला विचारा.

बॅटरीवाल्यांनी थांबून वाचा

नुसती लिथियम-आयन बॅटरी म्हणजे यूएन ३४८०. मोबाईलच्या आत किंवा सोबत असेल तर ३४८१. पॉवर बँक ही नुसती बॅटरीच धरतात. एप्रिल २०१६ पासून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. बॅटरीच्या खोक्याची खूण वेगळी असते, तिला लाल तिरप्या रेघांची चौकट असते. फुगलेली किंवा दुरुस्तीला आलेली खराब बॅटरी साध्या पार्सलनं कधीच पाठवू नका.

"कपडे आहेत" म्हटलं तर?

रस्त्यानं जाणाऱ्या मालाला केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ लागतात. त्यातल्या नियम १३१ प्रमाणे धोकादायक मालाची पूर्ण माहिती वाहतूकदाराला देणं ही पाठवणाऱ्याची जबाबदारी आहे. म्हणजे तुमची. रेल्वेत असा माल न सांगता चढवला तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाची रक्कम वाचून हसू येईल, हजार रुपयांपर्यंत. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की त्या मालामुळे झालेलं सगळं नुकसानही तुम्हीच भरायचं. आता हसू नका.

शिवाय धंद्याचं गणित बघा. खोटं सांगून वाचतात पन्नास-शंभर रुपये. पार्सल पकडलं गेलं तर माल अडकतो, खातं बंद होऊ शकतं, ग्राहक जातो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या दुकानातल्या द्रव, स्प्रे, पावडर आणि बॅटरीवाल्या मालाची यादी करा.
२. प्रत्येक मालाच्या कंपनीकडून किंवा सप्लायरकडून सुरक्षा माहिती पत्रक मागा. त्याला एसडीएस म्हणतात. त्यातला विभाग १४ वाहतुकीचा असतो: यूएन नंबर, नाव, वर्ग, सगळं तिथे मिळतं.
३. तुम्ही स्वतः फिनाईल किंवा अत्तर बनवत असाल तर कच्च्या मालाची पत्रकं मागा आणि तयार मालाचा वर्ग जाणकाराकडून ठरवून घ्या. अंदाजानं लेबल चिकटवू नका.
४. कुरिअरवाल्याला लेखी विचारा: हा माल घेता का, कोणत्या मार्गानं नेता, खूण कोणती हवी? उत्तर जपून ठेवा.
५. जास्तीचा खर्च मालाच्या किमतीत धरा. ज्या मालात हा खर्च बसत नाही तो बाहेरगावी विकू नका, गावच्या बाजारात विका. तोही धंदाच आहे.

चौकोन कसा छापायचा, कुठे चिकटवायचा, ते सोबतच्या व्हिडिओत खोकं हातात घेऊन दाखवलंय. तुमच्या यादीतला कोणता माल कोणत्या वर्गात बसतो ते व्हिडिओखाली लिहा. अडलं तर विचारा, पण पार्सल टाकायच्या आधी विचारा.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर धंदा करा, नीट करा!